ठिपक्यांच्या माशाचं नाव

वडील गेल्यावर त्यांचा गळ घेऊन मी कृष्णाकाठी बसू लागलो. एकदा अंगभर ठिपक्यांचा अनोळखी मासा लागला. वडिलांनी त्याचं नाव चटकन सांगितलं असतं. शेजारी रोज गळ टाकणाऱ्या म्हाताऱ्यानं माशाच्या मिशा मोजल्या, कल्ला उचलून हुंगला आणि म्हणाला, "वळकीचा वाटतूय. पर खाल्ल्याबिगर नाव सांगता यायचं न्हाई, गड्या."

मी अर्धा मासा कापून दिला. दुसऱ्या दिवशी उत्तर मिळालं, "अर्ध्यात अर्धंच कळतंय की रं!"

म्हणून उरलेल्या अर्ध्यासाठी त्याला घरीच जेवायला आणलं. काटे चोखत त्यानं ताट संपवलं. आईनं हळूच नाव विचारलं.

"आवं वैनी, ते तुमच्या मालकास्नीच ठावं आसतं. मी आपला जेवाय आलतो."

बऱ्याच दिवसांनी आई हसली. तिनं त्याला आणखी एक भाकरी वाढली.