पत्र्यावरचे दगड

सुकन्या साखरा गावची लेक. तिकडची जमीन मुकी होती. लग्न होऊन ती कळमनुरी तालुक्यातल्या या गावात आली आणि पहिल्याच महिन्यात, भाकरी थापताना, पायाखालून काहीतरी जड ओढत नेल्यासारखा आवाज आला. तिला वाटलं भरलेली ट्रॉली गेली. तिने बाहेर डोकावलं. रस्ता रिकामा होता. सासू म्हणाली, "काही न्हाई गं. जमीन गुरगुरून राहिली. हितं असंच असतं." आणि तिने तव्यावरची भाकरी उलटली.

गाव त्या आवाजासोबत जगायला शिकलं होतं. सुकन्या शिकली नाही. लेक आरोही झाल्यावर तर तिला पाजतानाही तिचा एक कान जमिनीकडे असे.

तरीही, आरोही पळती झाल्यावर, घरची शाळा तिनेच काढली. अंगणवाडी मोठ्या रस्त्याच्या पलीकडे, रस्त्यावर दिवसभर ट्रक, आणि आयांना सकाळीच हळद काढायला जावं लागे. बारावी झालेल्या सुकन्याने आळीतल्या बायांना गोळा केलं. रोज एकीनं घरी थांबायचं, सगळ्यांची लेकरं सांभाळायची, गाणी-अक्षरं शिकवायची. बाकीच्यांनी बिनघोर कामाला जायचं. जिची बारी तिच्या घरी शाळा. खिचडीला मूठमूठ तांदूळ प्रत्येकीचे. कुणाच्या खिचडीत तेलच नसतं, कुणी लेकरांना नुसतं मोबाईलपुढं बसवतं, यावरून भांडणं व्हायची. पण शाळा टिकली.

मग मागच्या महिन्यात जमीन नुसती गुरगुरली नाही, हलली. फळीवरचे डबे खाली आले. दुसऱ्या दिवसापासून सुकन्याने लेकरांना एक खेळ शिकवला. ती धान्याच्या कोठीवर धपाधपा हात मारायची, की लेकरांनी घराबाहेर पळत सुटायचं आणि अंगणात मारलेल्या चुन्याच्या रेघेवर उभं राहायचं. लेकरांना त्याचं वेड लागलं. शेजारच्या निताचा बालाजी तर गाणं चालू असतानाच ओरडायचा, "काकू, भूकंप कर ना!"

मधे तहसीलची एक जीप भोंगा लावून गावातून फिरून गेली. पत्र्यावरचे दगड उतरवून घ्या, असं सांगत होती. शिवहारने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, वर बघून मान हलवली. "दगड काढले अन् वावधान सुटलं, तर पत्रे शेजारच्या वावरात सापडतील. आधी हुक आणतो, पत्रे आवळतो, मग काढतो." बोलणं खोटं नव्हतं. हुक मात्र आले नव्हते.

आज बारी सुकन्याची होती. आया लेकरं सोडून निघाल्या. तिने सहज म्हणून आरोहीला कोठी वाजवायला सांगितली आणि आपण रेघेवर जाऊन उभी राहिली. धपधप झाली. लेकरं किंचाळत, हसत दारातून तिच्याकडे पळत आली, आणि पहिल्यांदाच तिने तो खेळ समोरून पाहिला. दाराच्या बरोबर वर, पत्र्याच्या काठाला, फुटक्या जात्याची तळी ठेवलेली होती. तिच्या दोन्ही बाजूंना काळे धोंडे. लेकरं एकेक करून त्यांच्याखालून येत होती.

तिने लेकरांना दगडांखाली पळायला शिकवलं होतं.

निता अजून गल्लीच्या तोंडाशीच होती. सुकन्या धावत गेली. "निताताई, आजच्या दिवस तुमच्या घरात बसवू का? तुमचा स्लॅब हाय."

"काहून? पुन्हा जमीन बोलली का?" निता हसली. "तुला तर बकरी शिंकली तरी भूकंप वाटतो बाई. किल्ली सासूबाईच्या कमरेला, अन् सासूबाई बाळापूरच्या बाजारात. बस तुझ्या तुझ्या घरी."

दगड उतरवावेत तर शिडी शिवहारने शेतात नेलेली, अंगणात बसवावं तर सावली नाही. सुकन्याने लेकरांना आत घेतलं, पलंगाजवळ बसवलं. "आता नवा खेळ. कोठी वाजली की बाहेर न्हाई जायाचं. पलंगाखाली शिरायचं."

"न्हाई! पळायचं!" बालाजी म्हणाला. बाकीच्यांनी री ओढली. पळायचं, पळायचं, पळायचं.

त्या कल्लोळात तिला गुरगुर ऐकूच आली नाही. आधी तळव्यांना कळली. मग कोठी आपोआप खडखडली, कुणी हात न लावता, आणि लेकरांनी आनंदाने किंकाळी फोडली.

ती दाराशी आधी पोचली. दोन्ही हात चौकटीत रोवून तिने दार अडवलं. लेकरं तिच्या पाठीवर आदळली, तिचं लुगडं ओढू लागली. बालाजी तिच्या पायांतून निसटला आणि रेघेवर जाऊन उभा राहिला. वरचा पत्रा वाजायला लागला. एक धोंडा गडगडत आला आणि तिच्यापासून हातभरावर अंगणात रुतला.

रेघेवर बालाजी एकटाच होता. खेळात असं कधी होत नसे. त्याचं तोंड वाकडं झालं. "काकू," म्हणत तो दोन्ही हात पुढे करून परत तिच्याकडेच पळत निघाला.

हात सोडले तर मागची सगळी बाहेर. सुकन्याच्या तोंडून ओरडा फुटला, "मुडद्या! पाय पुढं टाकला तर तंगडी तोडीन तुझी!"

पोरगं जागच्या जागी थिजलं. त्याच्यासमोर जात्याची तळी आपटली, फुटली, आणि धूळ उडाली.

मग सगळं थांबलं. धूळ खाली बसली तेव्हा बालाजी उभाच होता. चड्डी ओली, डोळे सुकन्यावर खिळलेले. दगडाकडे त्याने पाहिलंही नव्हतं.

निता वावरातून अनवाणी पळत आली. पोराला उराशी धरून चाचपलं. तो हुंदके देत म्हणाला, "काकूनं मला मुडद्या म्हणलं."

निता घरी हा शब्द दिवसातून दहादा वापरायची. तिने फुटलेली तळी पाहिली, दार पाहिलं. सुकन्याचे हात अजून चौकटीतच होते. निताने एकेक बोट सोडवलं.

"उद्यापासून माझ्या घरी बसव," ती म्हणाली. "रोजच."

सुकन्याने मान वळवून निताच्या घराकडे पाहिलं. तिथे दगड नव्हते. साऱ्या घरावर मिळून एकच होता, तो स्लॅब.

"न्हाई," ती म्हणाली. "उघड्या खळ्यात."

दुसऱ्या दिवशी खळ्यात हिरवी जाळी बांधून शाळा भरली. बालाजी आईचा पदर धरून लांब बसला. सुकन्याने हाक मारली तरी येईना. बऱ्याच वेळाने तिथूनच त्याने विचारलं, "काकू, भूकंप आला तर आता कुठं पळायचं?"

"कुठंच न्हाई, राजा. हितंच बसायचं."

"हितं जमीन न्हाई का?"

सुकन्याने आरोहीला जवळ ओढलं आणि गाणं सुरू केलं, मोठ्याने.