राहिलेला गाल

सुगंधाच्या हाताला गुण आहे, हे नवघरच्या त्या बिल्डिंगीत कुणी नाकारलं नसतं. बाळंतपणानंतर गालावर वांग आलेली, पुटकुळ्या जाऊन काळे डाग मागे राहिलेली अशी कुणी ना कुणी बाई संध्याकाळी तिच्या दारात उभी असायची. सुगंधा सहाणेवर कच्च्या दुधात जायफळ उगाळायची. आधी कोपराच्या आत थोडंसं लावून बघायची आणि दुसऱ्या दिवशी तिथं काही उठलं नाही, तरच चेहऱ्याला हात लावायची. लिंबू चोळून गच्चीत पापड राखत बसणाऱ्या बायकांची तर ती खरडपट्टीच काढायची. "अगं, लिंबू लावून उन्हात बसतेस? आहे त्याच्या दुप्पट काळी होशील! डाग जायला महिने लागतात, घाई असेल तर माझ्याकडे येऊ नकोस."

तिच्या स्वतःच्या मनगटावर रुपयाएवढा काळाकुट्ट डाग होता. हा का नाही गेला, असं कुणी विचारलंच तर ती बांगड्या पुढे सारून दुसरंच काही बोलायला लागायची.

नवरा हरिश्चंद्र स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला. सासू गोदूबाई आणि नणंद गिरिजा दोघी संगमेश्वरहून इथं राहायला आल्या, त्या गिरिजाच्या लग्नासाठीच. गिरिजा रंगानं काळी, नाकीडोळी देखणी, पण दोन्ही गालांवर पुटकुळ्यांचे डाग. ब्याण्णव सालच्या उन्हाळ्यापर्यंत दोन स्थळं पोहे खाऊन परत गेली होती. आता तिसरं बोरिवलीचं, मुलगा बँकेत, अक्षय्यतृतीयेनंतरच्या रविवारी बघायला येणार होता. सुगंधाच्या लेपानं डाग फिकट होत होते, पण बेतानं. गोदूबाईंना ते बेतानं सोसत नव्हतं.

त्या संध्याकाळी सुगंधानं गिरिजाच्या उजव्या गालाला लेप लावला, तेवढ्यात गॅसवर दूध उतू गेलं. ती धावली. ओटा पुसून परत आली तर डाव्या गालालाही लेप लागलेला. "मी लावला," गोदूबाई म्हणाल्या. बरं झालं, म्हणून सुगंधा स्वयंपाकाला लागली.

सकाळी गिरिजाच्या किंकाळीनं सगळे उठले. डावा गाल टम्म सुजलेला, डोळा मिटलेला, गालभर पाण्यानं भरलेले फोड. दूध सुगंधानं आणलेलं, जायफळ तिनं केबिन रोडवरून पारखून घेतलेलं, उगाळलंही तिनंच. शेजारची ममता दारातूनच ओरडली, "भाभी, ये क्या कर दिया लडकी का?" आपल्याच हातानं पोरीचं तोंड जाळलं, एवढं एकच सुगंधाच्या डोक्यात घुमत होतं.

गिरिजाला खोबरेल लावायला गोदूबाईंनी हात पुढे केला. त्यांच्या बोटाच्या टोकाला काळा डाग होता. सुगंधानं तो डाग लगेच ओळखला. धोबी कपड्यांवर खूण करतो ती बिब्ब्याचीच. कापड विरतं पण ती खूण जात नाही.

"आई, लेपात बिब्बा घातलात?"

गोदूबाई जराही कचरल्या नाहीत. "टाचेला लावायला काढलेला, त्यातलं दोनच थेंब टाकलं. दिस थोडं व्हतं. वरची कातडी जळून गेली का खालनं गोरी येतंय, आमच्यात सगळ्यांना ठाव हाय."

पोटच्या पोरीच्या तोंडाला बिब्बा! आणि तो लावणारी बाई रात्री शांत झोपली होती, कारण तिच्या लेखी तिनं मुलीचं भलंच केलं होतं. हरिश्चंद्र आईवर इतका कडाडला की खालच्या माळ्यावरची माणसं जिन्यात आली. मग तो गिरिजाला घेऊन डॉक्टरकडे गेला आणि बोरिवलीला मुलगी आजारी असल्याचा निरोप धाडला. त्यांनी कळवलं, हरकत नाही, महिनाअखेर येतो.

फोड बसले, खपल्या निघाल्या. सुगंधाला वाटलं, सुटलो एकदाचे.

मग एका दुपारी ती पाणी भरून आत आली, तर गिरिजा आरशासमोर उभी. खपल्यांखालची नवी कातडी कोवळी, गुलाबी दिसत होती. पोर हसत होती. आणि तिच्या हातात गोदूबाईंची बिब्ब्याची वाटी होती, वाटीत कापसाचा बोळा.

"वहिनी, आईचं खरं होतं गं. बघ ना, किती गोरा झालाय! आता हा गाल राहिलाय. महिनाअखेरपर्यंत दोन्ही सारखे होतील. दुखलं तरी मी ओरडणार नाही."

त्या दिवशीची किंकाळी ऐकून सुगंधा हादरली होती. हे हसू बघून तर तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. हातातली कळशी तिथंच निसटली, पाणी दारापर्यंत गेलं. तिनं झडप घालून गिरिजाचा हात धरला. रडत रडतच, आजवर बांगड्यांआड लपवलेलं मनगट तिनं बांगड्या वर सारून नणंदेच्या डोळ्यांपुढे धरलं.

"नऊ वर्षांची होते. माझ्या आईनं लावला होता, आधी हातावर करून बघू म्हणून. काळी होते ना मीसुद्धा."

गिरिजा त्या काळ्याकुट्ट डागाकडे बघत राहिली. मग तिची नजर आरशात गेली आणि गुलाबी गालाच्या कडेला आलेली काळी रेघ तिला पहिल्यांदा दिसली.

"हाही आधी गुलाबीच होता, गिरिजा," सुगंधा म्हणाली.