चौदाव्या खिळ्यावरची किल्ली

आमच्या वरच्या आळीच्या व्यापारी मंडळात जो वार्षिक सभेला येत नाही, त्याला अध्यक्ष करतात. हसू नका. बत्तीस दुकानांची आळी, आणि फुकटची उठाठेव कोणालाच नको. दुकान सांभाळून नगरपरिषदेत खेटे कोण घालणार? म्हणून कोणीतरी कधीतरी ही युक्ती काढली, आणि तेव्हापासून आमच्या सभेला जेवढी गर्दी होते तेवढी सख्ख्या नातलगाच्या लग्नालाही होत नाही. कापडवाले गोपाळकृष्ण मराठे एके वर्षी एकशेदोन ताप अंगात घेऊन, कानटोपी घालून आले होते. पुढच्या वर्षी मुलीच्या बाळंतपणाला केळशीला गेले आणि झाले अध्यक्ष. मग पाच वर्षं सगळे हजर, त्यामुळे पाच वर्षं तेच.

मी मालिनी पित्रे. वह्यापुस्तकांचं दुकान, सासऱ्यांपासूनचं. वय एकसष्ट. तोंड फटकळ आहे, हे आळी सांगेलच, त्यापेक्षा मीच सांगून टाकते. आणि ही गोष्ट माझी नाही, तुळसाची आहे. पण तिच्यात मी जे केलं ते सांगितल्याशिवाय ती पुरी होत नाही.

तुळसा गोताड म्हणजे आळीच्या टोकाचं दुकान. सुपं, बांबूच्या रोवळ्या, काथ्याच्या दोऱ्या, कोयते, खिळे, बिजागऱ्या, कुलुपं. दुकान तिचे सासरे गंगाराम यांनी घातलेलं. नवरा रावजी मुंबईला एका सोसायटीत लिफ्टवर. सासऱ्यांनी अंथरूण धरलं तेव्हा तुळसा देवरुखच्या बाजूच्या गावातून इथे आली ती राहिलीच. आता पन्नाशीची आहे. कमी बोलते. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की नुसती बघत राहते, आणि गिऱ्हाईकच गप्प होतं.

दोन वर्षांपूर्वी सभा होती आषाढातल्या सोमवारी. सोमवार आमच्या आळीची सुट्टी. तुळसा गावाला भाताच्या लावणीला गेली होती, जाताना मला सांगून गेली होती. सभेत मराठे चष्म्यावरून बघत म्हणाले, "कोण नाही आज?" आणि मीच म्हटलं, "तुळसा नाही. करा तिला!" सगळे खो खो हसले. मोबाइलवाला अनिश तर टाळ्या वाजवायला लागला. ठराव झाला, चहा झाला, भजी झाली, घरी गेलो.

चार दिवसांनी ती परत आली. पायांना अजून चिखलाचा रंग होता. माझ्या दुकानाशी आली आणि विचारलं, "वैनी, कोणी केलान मला अध्यक्ष?"

"सगळ्यांनी मिळून गो. रिवाजच आहे."

"बरा. मग काम काय करायचा आसता?"

आता काय सांगणार, कप्पाळ! इतक्या वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं. अध्यक्षाने पंधरा ऑगस्टला झेंड्याजवळ उभं राहायचं आणि वर्षभर शिव्या खायच्या, इतकंच आम्हाला ठाऊक. मी म्हटलं, "तसं काही नसतं गो. फक्त किल्ल्यांचं खोकं तुझ्याकडे येईल." आणि म्हणता म्हणता माझीच जीभ अडखळली.

कारण खोक्याचा विचार हसताना कोणी केलाच नव्हता. एक ते चार आमची आळी बंद असते. घरी जाऊन जेवायचं, आडवं व्हायचं. पूर्वी एकदा अशाच दुपारी एका दुकानात उंदराने वायर कुरतडली, मालक लग्नाला गेलेला, आणि शटर फोडेपर्यंत आतलं निम्मं सामान जळलं. तेव्हापासून प्रत्येक दुकानाची दुसरी किल्ली अध्यक्षाकडे असते. लाकडी खोकं, काचेचं दार, आत बत्तीस खिळे, खिळ्याखाली नंबर. माझा चौदा. मराठ्यांकडे खोकं होतं तोवर कोणाला काही वाटलं नाही. आता ते सुपं विकणाऱ्या बाईकडे जायचं म्हटल्यावर प्रत्येकाला आपली किल्ली आठवली. बोललं कोणीच नाही. कोकणी माणूस असलं तोंडावर बोलतो थोडाच! मराठ्यांनी सगळ्यांच्या किल्ल्या परत दिल्या आणि म्हणाले, "ज्याने त्याने आपापली तुळसाबाईंकडे नेऊन द्या."

मी नेऊन दिली. लाल दोरा बांधून दिली. पण ती दुकानाची नव्हती, आमच्या माळ्यावरच्या जुन्या ट्रंकेची होती.

का दिलीत, असं विचाराल तर खरं उत्तर एकच. मला तिचा भरवसा वाटला नाही. तिने कधी कोणाचं काही बुडवलं नव्हतं, उलट माझ्याकडून नेलेल्या एका पेन्सिलीचे पैसे द्यायला दुसऱ्यांदा चालत आलेली बाई ती. तरी नाही वाटला. आपल्यातली नव्हे, एवढंच मनात होतं. लिहिताना लाज वाटते, पण होतं ते होतं. तिने किल्ली हातात घेतली, एकदा बघितली, चौदाव्या खिळ्याला लावली आणि म्हणाली, "बरा, वैनी."

मग तिने काम शोधून काढलं. गटारावरच्या लाद्या उचलायला लावून आतला कचरा काढून घेतला, त्या वर्षी पहिल्यांदा माझ्या उंबऱ्याला पाणी लागलं नाही. आणि रोज दुपारी एकच्या ठोक्याला ती आळीतून चक्कर मारायला लागली. प्रत्येक दुकानाशी थांबून विजेबद्दल एकच प्रश्न, "मेन बंद केलात काय?" मला असा संताप यायचा! शाळेत असल्यासारखं रोज उत्तर द्यायचं. एकदा मी फाडकन म्हटलंदेखील, "हो गं बाई, केलं, तुझ्या आधीपासून करतेय." ती पुढच्या दुकानाकडे गेली. दुसऱ्या दिवशी परत हजर.

मार्चमध्ये पुण्याची नणंद आली आणि आम्ही सगळे गणपतीपुळ्याला गेलो. निघायच्या घाईत दुकान अकरालाच बंद केलं आणि मेन पाडायचं राहिलं. आदल्याच महिन्यात घेतलेला इन्व्हर्टर आतून तापला. अडीचच्या सुमारास शटरच्या फटीतून धूर यायला लागला. आळी झोपलेली. जागी होती ती तुळसा. दुकानाच्या पायरीवर बसून रोवळीचा काठ बांधत होती.

पुढचं मला मराठ्यांनी सांगितलं, कारण तिच्या हाकेने जागे होऊन पहिले तेच धावले. तुळसा खोक्याकडे गेली, पदराला गाठ मारत रिकाम्या हातांनी परत आली, माझ्या शटरसमोर क्षणभर उभी राहिली. वळली, आपल्या दुकानातून पहार आणली आणि दोन घावांत कुलूप उडवलं. आत शिरून काठीने आधी मेन पाडलं, मग शेजारच्या बांधकामावरची वाळू घमेल्याने ओतली. वह्यांचं एक कपाट गेलं, बाकी दुकान राहिलं.

मी पाचला पोचले तेव्हा दारात माणसं जमली होती. तुळसाच्या हाताला फडकं बांधलेलं, केसांत राख. अनिश म्हणत होता, "अहो, किल्ली असताना कुलूप का फोडलंत पण?" आता हिने तोंड उघडलं की मी संपले.

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "किल्ली माझ्याकडना हरवली. चुकी माझी हाय."

आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "असू दे गो. होतं असं कधीतरी." क्षमा केल्यासारखं! जळ्ळं मेलं माझं तोंड. ज्या बाईने माझं दुकान वाचवलं तिला मी, चार माणसांत, मोठ्या मनाने माफ केलं.

आठवड्याने तिच्याकडेच नवीन कुलूप घ्यायला गेले. हाताचं फडकं सुटलं होतं, बोटांवर नवी गुलाबी कातडी आली होती. सुट्टे काढायला तिने पदराची गाठ सोडली, आणि नाण्यांबरोबर आतून लाल दोरा बांधलेली ती आखूड किल्ली दिसली. तिने घाई न करता गाठ परत मारली. नव्या कुलपाच्या तिन्ही किल्ल्या फळीवर मांडून ठेवल्या आणि काही न मागता उभी राहिली. एक किल्ली पुढे सारायला कितीसा वेळ लागतो? मी तिन्ही उचलल्या आणि घरी आले. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आळीत मात्र बोभाटा झाला. ग्रुपवर अनिशने लिहिलं, "किल्ल्या हरवणारे अध्यक्ष, जगात एकमेव." त्यावर हसणारी तोंडं किती आली, ती मी पाहिली. तुळसाच्या फोनवर ग्रुप आहे, तीही पाहत असणार. बाजारात माणसाला नाव एकच असतं. तिचं गेलं होतं, आणि ते माझ्या ट्रंकेच्या किल्लीपायी गेलं होतं. तरी रोज एकच्या ठोक्याला तिची चक्कर चुकली नाही. "मेन बंद केलात काय?" मी मान खाली घालून हो म्हणायचे.

परत आषाढ आला. या खेपेस तुळसा लावणी टाकून सभेला आली. देवळाच्या सभामंडपात शेवटच्या रांगेत, मांडीवर खोकं घेऊन बसली. बत्तीसच्या बत्तीस हजर. अनिश उठला आणि म्हणाला, "अध्यक्ष राहू देत, आमचं काही म्हणणं नाही. पण खोकं जबाबदार माणसाकडे द्यावं."

तुळसा उठली. खोकं दोन्ही हातांत धरून पुढे आली आणि मराठ्यांसमोर ठेवलं. "घ्या," ती म्हणाली. "अध्यक्षपण पण घ्या. मला नको." आवाज नेहमीचाच होता, पण नजर खाली होती. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदा पाहिलं.

मी उभी राहिले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. "तिने किल्ली हरवलेली नाही," मी म्हटलं. "मी तिला खोटी दिली होती. ट्रंकेची. तिला ठाऊक होतं आणि तिने ते स्वतःवर घेतलं. आणि मी मूग गिळून बसले, पाच महिने."

मी तिच्याकडे वळले. "तुळसा, तुला कधी कळलं गो?"

"दिलात तवाच."

"कसं काय?"

"तुमचा कुलूप माझ्याच दुकानातला, वैनी. सात लिव्हरचा. त्याची किल्ली लांब आसते. तुमी दिलात ती आखूड."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"काय बोलायचा? तुमाला भरवसा वाटंल तवा बदलाल, म्हटला."

मराठे खोक्याकडे बघत होते. आळीतल्या बहुतेक शटरांना तिच्याच दुकानची कुलुपं आहेत, हे त्यांच्या डोक्यात माझ्या आधी शिरलं असावं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग हळूच विचारलं, "तुळसाबाई, अशा... अशा किती आहेत ह्यात?"

तुळसाने पदर सारखा केला, आणि त्याचं टोक खोक्याच्या काचेवर ओढलं, आत कोणाला दिसू नये असं.

"ता मी सांगणार नाय," ती म्हणाली.

बत्तीस माणसं, पण कोणी कोणाच्या तोंडाकडे बघेना. अनिश तर चपलांकडे बघत होता, आणि चपला देवळाबाहेर होत्या. शेवटी मराठे घसा खाकरून म्हणाले, "यांना अध्यक्षपद नको असेल, तर नवा निवडायला हवा. सभा तहकूब. पुढच्या सोमवारी बसू. खोकं तोवर तुळसाबाईंकडेच." पुढच्या सोमवारी तुळसा उरलेल्या लावणीला गावी असणार, हे लहान पोरालाही सांगायची गरज नव्हती.

मंगळवारी सकाळी मी नऊच्या आधी तिच्या दुकानी गेले, तर माझ्यापुढे चौघे उभे. कोणी खिळे मागत होता, कोणी दोरी. दोरी घ्यायची आणि जाताना मुठीतून काहीतरी फळीवर ठेवायचं. मराठ्यांनी सूप घेतलं. त्यांच्या घरी पाखडायला कोण बसतं देव जाणे. अनिशने सगळ्यांसमोर किल्ली ठेवली आणि नीट म्हणाला, "चुकलं माझं, काकी." पोरगा तोंडाळ आहे, पण तेवढं त्याला जमलं, मला पाच महिने लागले. तुळसा जुनी किल्ली काढून ज्याची त्याला देत होती. मी नव्या कुलपाची एक किल्ली पुढे सारली, तेव्हा मला माझी दिली, लाल दोऱ्यासकट. "ट्रंक बंदच ऱ्हायली आसंल तुमची," ती म्हणाली, आणि चक्क हसली.

रविवारी गावाला निघताना ती माझ्या दुकानाशी आली. काखेत खोकं. ते माझ्या फळीवर ठेवलं आणि म्हणाली, "चार दिवस सांभाळा, वैनी. एक वाजता चक्कर मारायला इसरू नका."

"माझ्याकडे? अगो, मराठ्यांकडे दे."

"तुमच्याकडेच ऱ्हवू दे," म्हणाली आणि एसटी पकडायला गेली.

सोमवारी सभा झाली. एकतीस हजर, एक गैरहजर. मराठ्यांनी विचारायच्या आत मीच नाव घेतलं, आणि या खेपेस कोणी हसलं नाही. संध्याकाळी तिला फोन लावला. मागे पावसाचा आणि बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता. "केलात परत?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. "बरा. दोन खाचरं ऱ्हायली हत, लावून येतंय."

फोन ठेवून मी खोक्यासमोर बसले. बत्तिसाव्या खिळ्याला तिच्या दुकानाची किल्ली होती. ती खरी आहे की खोटी, हे मी लावून बघितलं नाही.