जत्रेच्या दिवशी उघडलेली थप्पी

गवताची वखार म्हणजे काय, हे आमच्या परभणीकडच्या माणसाला सांगून पटायचं नाही. आमच्याकडे गवत घरच्या जनावरांना पुरलं तरी पुष्कळ. मुरबाड-शहापूरकडे मात्र पावसाळा सरला की माळावरचं गवत कापतात, वाळवतात, दाबाच्या यंत्रात घालून तारेने आवळून त्याच्या गाठी करतात आणि ट्रकने मुंबईच्या तबेल्यांना पाठवतात. दिवाळीपासून होळीपर्यंत हेच काम. म्हशाच्या वाटेवरच्या अशाच एका वखारीत माझा नवरा ट्रक चालवायचा. अठ्ठ्याण्णव-नव्याण्णवची गोष्ट.

मी सातवी झालेली. ज्या उन्हाळ्यात गावची विहीर आटली, त्या उन्हाळ्यात लांबून पाणी आणायला घरी कोणीतरी हवं होतं, म्हणून आठवीत माझं नाव घातलंच नाही. पुढे लग्न होऊन इतक्या लांब आले. स्वभाव मुळात भित्रा. ट्रकला यायला उशीर झाला तरी मी रस्त्यावर जाऊन उभी राहायचे. अशा बाईला वखारीच्या शेठनी त्या वर्षी देखरेख सांगितली, कारण आधीचा मुकादम काम सोडून गेला होता. नाही म्हणायचीसुद्धा भीती वाटली, म्हणून हो म्हटलं.

कामाची टोळी डोळखांबकडच्या पाड्यांवरची. बायका गवत पसरायच्या, उलटायच्या, पुरुष दाबावर. दाबाचे मुख्य एक काका होते, पन्नाशीचे, उभा जन्म याच कामात गेलेले. टोळीत शब्द त्यांचा चालायचा. माझा शब्द म्हणजे करमणूक. मी ‘का’ऐवजी ‘कामून’ म्हटलं की बायका हसून लोळायच्या.

“बोल ना गो घाटावरचे, परत एकदा बोल!”

मीही हसायचे. रुसून जाणार कुठे? आणि याच बायकांनी, मला ताप भरला आणि नवरा ट्रकवर होता तेव्हा, माझी चूल पेटवून मला पेज पाजली होती. तेवढं मी विसरलेले नाही.

पौषात म्हशाची जत्रा आली. टोळीला हंगामातली ती एकच सुट्टी. बैल बघायचे, घोंगडी घ्यायची, दुसऱ्या पाड्यात दिलेल्या लेकीबाळी भेटायच्या. शेठ मुंबईला गेले होते. जाताना बजावून गेले, गाठींची थप्पी पुरी रचून झाली की मगच जत्रा. पौषात दव फार पडतं. म्हणून ऊन चांगलं वर येईपर्यंत दाबाला हात लावायचा नाही, असा वखारीचा रिवाज. पण काम लवकर उरकावं म्हणून काकांनी जत्रेआधीचे काही दिवस उजाडताच दाब सुरू केला.

“काका, गवत वलं हाय.”

“काय नाय होत बाय. वाऱ्यानं सुकंल. तू काय जल्मात एवढं गवत बघितलंस?”

सगळे हसले. मी सांगत राहिले, दाब चालत राहिला.

जत्रेच्या सकाळी थप्पीजवळून जाताना गोडसर वास आला, ओल्या तंबाखूसारखा. दोन गाठींच्या फटीत हात घातला आणि चटकन बाहेर काढला. आत पोळत होतं. ओलं गवत दाबून ठेवलं की आतल्या आत तापत जातं आणि एखाद्या दिवशी पेट घेतं. शेजारी सबंध हंगामाचं सुकं गवत रचलेलं. वखार जळाली तर टोळीला पाड्यावर परत जावं लागणार, आणि आमचंही बिऱ्हाड उठणार. परभणीला जाऊन करायचं काय?

इकडे टोळी निघालेली. बायकांनी ठेवणीतली लुगडी नेसलेली, काकांच्या अंगात नवा कोरा सदरा.

“काका, थप्पी उघडावी लागंल. आजच.”

“आज? जत्रेहून येतो, मंग बघू.”

“हात घालून बघा.”

“तुला सगल्याचंच भ्या वाटतं गो. परवा सरडा बघून पन बोंबललीस.”

“वाटतं भ्या. म्हणूनच म्हणते, तुम्ही हात घाला.”

बायकांकडे बघून डोळा मिचकावत काकांनी हात घातला, कोपरापर्यंत. मग त्यांचं हसू गेलं. हात काढला, बोटं हुंगली. सदरा उतरवून दाबाच्या खुंटीला अडकवला.

“पिंपं भरा रे. गोणपाटं भिजवा.”

“आनि जत्रा?” एकीने विचारलं.

“जत्रा पलून नाय जात.”

दोघी-तिघी तणतणत निघून गेल्या. मी अडवलं नाही. बाकीच्यांनी वरून एकेक गाठ उतरवली, तार तोडून गवत पसरलं. मधल्या गाठींतून वाफ निघत होती. एक तर आतून काळी पडलेली. उघडताच धुरावली, तिच्यावर ओली गोणपाटं टाकली.

आटोक्यात आल्यावर मी शेठना फोन करायला निघाले, तर काका आडवे आले.

“सांगू नको ना बाय. सुकवून परत बांदू. कोनाला कलतंय?”

“आणि मागाहून कळलं तर? पुढं आपलं कोण ऐकंल?”

रस्त्यावरच्या एसटीडी बूथवरून सगळं सांगितलं. शेठ “येतो” म्हणाले आणि फोन ठेवला. तिथून परत येईपर्यंतची वाट मला लग्नानंतर परभणीहून इकडे आणणाऱ्या रात्रभराच्या गाडीपेक्षा लांब वाटली.

ऊन कलताना शेठ आले.

“ओलं कोणी बांधलं?”

“देखरेख माझी होती शेठ,” मी म्हटलं. “मला विचारा.”

“तिनं सांगितलेलं शेठ,” काका म्हणाले. “मीच नाय ऐकलं.”

शेठ पसरलेल्या गवतातून हात फिरवत एक चक्कर मारून आले. “काळं झालेलं बाजूला काढा. बाकीचं सुकवून बांधा. आणि मग जत्रेला जा, अजून चालू आहे ती.”

पुढे बरीच वर्षं मी त्या भागात माणसं सांभाळली. भीती गेली नाही. सवयीची झाली एवढंच. पण काम सांगायला मला त्या टोळीने शिकवलं, हे मी कुठेही सांगेन.

थप्पी उघडली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेले, तर दाब बंद. काका दाबाला टेकून उभे.

“ये बाय. हात लाव गवताला. तू बोललीस की चालू करतो.”

मी मूठभर उचलून दाबून बघितलं.

“अजून वलं हाय.”

काका खाली बसले. टोळीही त्यांच्याबरोबर उन्हात बसून राहिली.