काढून टाकलेले पत्रे

काम संपल्यावर हात पुसणारे मिस्त्री तुम्हीही पाहिले असतील. आमच्या शेजारचे चाचा कामाआधी पुसायचे. मग इंजिनाकडं बघत म्हणायचे, "करून बघू. चुकलं तर कळंल तरी."

सेनगावात माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागून त्यांचं गॅरेज होतं. शाळा त्यांनी पाहिली नव्हती, पण जीपचं दुखणं आवाजावरून सांगायचे. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. बी.एस्सी.चं प्रमाणपत्र दुकानात फ्रेम करून लावलेलं. ते मला ताई म्हणत, मी त्यांना चाचा.

हिंगोलीच्या एका डॉक्टरांनी आपली जुनी विलायती मोटार त्यांच्याकडं आणली. इंजिन मागं, रेडिएटर नाहीच. सगळं गार होणार पंख्याच्या वाऱ्यावर. चाचा दोन दिवस नुसते भोवती फिरले. "पाणीच पीत न्हाई म्हणल्यावर हिला विचारावं तरी काय?"

मग सुरू झालं. व्हॉल्व्हची फट गरम इंजिनावर लावली, चुकली. थंड झाल्यावर लावली, जमली. पंख्याचा पट्टा जास्त ताणला, तुटला. महिन्याभरात गाडी चालू झाली, पण नरसीला जाऊन आली की तापायची.

मी दुकानातूनच सांगितलं, "सिलिंडरभोवतीचे पत्रे काढून टाका चाचा. उघडं राहिलं तर वारा लागेल."

"मग बनवणाऱ्यानं काहून बसवले असतील?"

"बी.एस्सी. मी झाले का तुम्ही?"

ते हसले आणि पत्रे काढले.

डॉक्टर गाडी घेऊन निघाले. हिंगोलीच्या अलीकडंच इंजिन जाम झालं. दुसऱ्या दिवशी ते गॅरेजात आले, तशी टपरीवरची माणसंही उठून आली.

"पत्रे काढायची अक्कल कुणाची?"

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. मी मशीनमध्ये कागद भरत होते. कागद आधीच भरलेले होते.

"माझीच," ते म्हणाले.

"अडाण्याच्या हाती दिली, भोगा आता," म्हणत डॉक्टर गेले. गाडी नांदेडला ओढून नेली. हळूहळू जीपवालेही यायचे थांबले.

रिकाम्या बसलेल्या चाचांनी एक दिवस मला आत बोलावलं. भंगारातलं मोटारसायकलचं सिलिंडर, समोर टेबलफॅन. उदबत्ती धरली, तर धूर पुढूनच फाकला. मग तेलाच्या डब्याचा कापलेला पत्रा सिलिंडरभोवती लावला. धूर वळून मागच्या बाजूनं निघाला.

"पत्रा वारा अडवत न्हाई ताई, मागल्या अंगाला नेतो. पत्रा काढला अन् मागलं अंग भाजून गेलं. तुमचं बी बराबर व्हतं, वाराच पाहिजे व्हता."

किती खुशीत होते. मला तेव्हा तरी बोलता आलं असतं. मी म्हटलं, "हे मला माहीत होतं."

त्यांनी फॅन बंद केला. "व्हय का," म्हणाले.

दिवाळीनंतर गॅरेज बंद झालं. बहिणीच्या गावी परभणीकडं सायकलींचे पंक्चर काढतात, असं ऐकलं.

परवा फॉर्म भरायला आलेल्या एकानं त्या शटरकडं बोट दाखवून विचारलं, "डॉक्टरची गाडी जाळली तो मिस्त्री हितलाच ना?"

"हो," मी म्हटलं. "आधारची झेरॉक्स अन् दोन फोटो द्या."