भडंग, चंद्री आणि मामांची मिशी

आमच्या घरात तीन कुत्री होती आणि त्यांतलं एकही माझं ऐकत नव्हतं, ही गोष्ट मी सोडून साऱ्या गल्लीला ठाऊक होती.

मी मात्र स्वतःला कुत्री शिकवण्यातला मोठा जाणकार समजत होतो. सुभेदार आणि काशी ही आमच्या घरची जुनी मंडळी. सुभेदार तांबूस, रुबाबदार, पोस्टमनला गल्लीच्या तोंडालाच थांबवणारा. काशी काळीकुट्ट आणि उंबऱ्यावर आडवी पडून राहणारी; तिला ओलांडल्याशिवाय घरात शिरताच येत नसे. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या स्टोअरमध्ये मी नोकरीला होतो. संध्याकाळी माझी एम-एटी फटफटी गल्लीत शिरली की दोघं भुंकत मागनं पळत यायची. (ती गल्लीतल्या प्रत्येकच गाडीमागं पळायची, पण हा मुद्दा मी विचारात घेत नसे.) दारात पोचेपर्यंत दोघांना धाप लागलेली असायची. ती खाली टेकायला लागली की मी पटकन बोट वर करून म्हणायचो, "बस!" ती बसायची. मग मी कोण बघतंय का ते बघून घ्यायचो.

"बसाय लागलेल्याला बस म्हणायला काय अक्कल लागत्या?" स्वयंपाकघरातून आमच्या सौ. विचारायच्या. सौ. म्हणजे सुमन.

"त्याला टायमिंग लागतं!" मी म्हणायचो.

नव्वदीचं दशक संपता संपता सुमननं बाजारातून येताना एक पिल्लू आणलं. भडंगवाल्याच्या दुकानामागं केकाटत बसलं होतं म्हणे. तिनं ते जमिनीवर ठेवलं, हातपाय धुऊन आली, तोवर त्यानं पिशवीतलं सगळं भडंग फस्त केलं होतं. चुरमुऱ्यांना लावलेल्या लसूण आणि लाल तिखटासकट! शिंकलं, रडलं, बादलीत तोंड घालून पाणी प्यालं आणि परत पिशवीत घुसलं. त्याचं नाव ठेवायला दुसरं काही शोधावं लागलं नाही.

भडंगनं आठवड्याभरात घराची घडी विस्कटून टाकली. सुभेदाराची शेपटी म्हणजे आपल्यासाठी टांगलेला झोका आहे, अशी त्याची समजूत होती. पोस्टमनला धाकात ठेवणारा सुभेदार पलंगाखाली मुक्कामाला गेला. काशीनं जन्मात पहिल्यांदा उंबरा सोडला. माझी नवी कापशी चप्पल, कोल्हापुरीच ती, मोठी करकरायची. साहेब (म्हणजे मी) आले हे चार घरं आधी कळायचं. भडंगनं डाव्या चपलेचा आवाज कायमचा काढून घेतला. पुढं कितीतरी दिवस मी उजव्या पायानं साहेबासारखा आणि डाव्या पायानं चोरासारखा चालत होतो.

"लहान आहे. शिकवतो," मी म्हणालो.

"आधी त्याच्याकडनं काय शिकायचं ऱ्हायलं असंल तर शिकून घ्या," सुमन म्हणाली.

आमच्या शेजारी शिरपामामा गवळी राहायचे. उंचेपुरे, पहिलवानी अंगाचे आणि गालावर पसरलेल्या मिशीचे. ती मिशी त्यांनी म्हशीच्या लोण्यावर वाढवली होती. संध्याकाळी ते आपली लाडकी म्हैस चंद्री घेऊन चौकातल्या दूध-कट्ट्यावर जायचे. गिऱ्हाईक ग्लास घेऊन समोर उभं, आणि मामा त्याच्यासमोर धार काढून फेसाळ दूध द्यायचे. पण त्या साली चंद्रीचं रेडकू गेलं आणि तिनं पान्हा चोरायला सुरुवात केली. गिऱ्हाइकं रिकामे ग्लास घेऊन उभी, मामा कासेखाली बसलेले आणि चंद्री निवांत रवंथ करत आभाळाकडं बघतेय! मामांचं तोंड बघवत नव्हतं.

अशाच एका संध्याकाळी आमचं भडंग कुंपणातून सुटलं, मामांच्या मागोमाग कट्ट्यावर गेलं आणि सरळ चंद्रीच्या पुढ्यात जाऊन आडवं झालं. मी धावत गेलो. वाटलं, म्हैस आता त्याला शिंगावर घेते! चंद्रीनं मान खाली घातली, भडंगला हुंगलं आणि ती त्याला मानेपासून शेपटीपर्यंत खसाखसा चाटायला लागली. तिकडं मामांच्या चरवीत धार वाजली.

"आयला वसंता!" मामा ओरडले. "पान्हा सोडलाय की रं हिनं!"

"मीच शिकवलंय त्याला," मी म्हणालो. (तोंडातून निघून गेलं. काय करणार?)

त्या दिवसापासून भडंग रोज कट्ट्यावर जायला लागलं. फेसाची पहिली वाटी त्याची, मग गिऱ्हाइकांची. पेठेतली माणसं मुद्दाम बघायला यायची आणि मी ग्लास हातात धरून प्रत्येकाला कुत्री शिकवण्याचं शास्त्र समजावून सांगायचो. खोटं कशाला बोलू, छाती फुगून शर्टाची बटणं ताणायची.

अशात दिवाळी आली. पाडव्याला आमच्या कोल्हापुरात म्हशी पळवतात. म्हशीला न्हाऊमाखू घालायचं, तेल लावून चकचकीत करायचं, शिंगं रंगवायची, कपाळावर मोरपिसं, गळ्यात घुंगरं. मग मालकानं मोटारसायकलवर बसून नुसती हाक मारायची आणि म्हशीनं गर्दीतून त्याच्यामागं पळत यायचं. दोरी नाही, काठी नाही. गवळ्याची सगळी इज्जत त्या एका हाकेत असते.

मामा रोज बुलेटवर बसून गल्लीत तालीम करायचे. "चंद्रेऽऽ, ये!" म्हटलं की चंद्री घुंगरं वाजवत सुसाट मागं यायची. मामांनी भर कट्ट्यावर जाहीर करून टाकलं, "पाडव्याला चंद्री माझ्या हाकंला पळत आली न्हाई, तर ही मिशी सगळ्यांम्होरं उतरवतो!"

पलीकडच्या पेठेतला दगडू गवळी तिथंच होता. तो म्हणाला, "न्हाव्याला सांगून ठेवतो, मामा."

पाडव्याच्या सकाळी मी मामांना तज्ज्ञाचा सल्ला दिला. "मामा, अशा प्रसंगाला शिस्त पाहिजे. भडंग गर्दीत मधेमधे करेल. मी त्याला न्हाणीत कोंडून येतो."

"तुला त्यातलं जास्ती कळतंय, बाबा," मामा म्हणाले.

अख्ख्या आयुष्यात मला कुणी असं म्हणालं नव्हतं. मी भडंगला कोंडलं, वर बाहेरून कडी घातली आणि सुमनसकट मैदानावर गेलो.

ही गर्दी! हलगी कडकडत होती. दगडूची म्हैस त्याच्या गाडीमागं पळत जाऊन शिट्ट्या घेऊन आली. मग पुकारा झाला, शिरपामामा आणि चंद्री! मामांनी फेटा सावरला, बुलेट धडधडवली, मिशीवर ताव मारला आणि आरोळी ठोकली, "चंद्रेऽऽ, ये!"

चंद्री जागची हलली नाही.

मामांनी पुन्हा हाक मारली. चंद्रीनं कान हलवला. मामांनी बुलेट पुढं नेली, मागं आणली, हॉर्न वाजवला, "चंद्रे, माझी बाय, ये की गं!" म्हणून आर्जवं केली. चंद्री मान वळवून गर्दीत कुणाला तरी शोधत होती. लोक हसायला लागले. आणि दगडूनं खरोखरच एक न्हावी आणला होता! तो बिचारा पेटी काखोटीला मारून एका कडेला उभा होता.

मामांचा हात मिशीवरून खाली आला. एवढा मोठा गडी, पण डोळ्यांत पाणी तरळलेलं मला दिसलं.

तेवढ्यात सुमननं माझं मनगट घट्ट धरलं. "अवो, तालमीला भडंग कुठं असायचं?"

"कुठं म्हणजे? बुलेटच्या मागं. सुभेदार-काशीचं बघून तेही गाडीमागं पळायला शिकलंय की."

"आणि चंद्री?"

"भडंगच्या मा..." मी म्हणालो.

"ती बुलेटच्या मागं कवाच पळाली न्हाई! ती तिच्या लेकराच्या मागं पळत्या! आणि तुमी त्येला न्हाणीत कोंडलंय! पळा आता!"

मी एम-एटी अशी काढली, की तिच्या आयुष्यात ती कधी एवढी पळाली नसेल. घरी न्हाणीची कडी काढली. आत भडंगनं साबणाची वडी खाल्ली होती आणि तोंडाला फेस आणून माझी उजवी चप्पल (हो, करकरणारी!) संपवायला घेतली होती. ती आत कशी गेली, हे विचारायला वेळ नव्हता. मी त्याला वायरच्या पिशवीत घातलं, पिशवी हँडलला अडकवली, मुंडकं तेवढं बाहेर. गाडी निघाली तशी सुभेदार आणि काशी सवयीनं मागं लागली. एरवी ती गल्लीच्या तोंडाशी परत फिरायची. त्या दिवशी भडंग पुढं असल्यामुळं असेल, फिरली नाहीत.

माझा बेत साधा होता. मैदानावर जायचं, भडंगला बुलेटमागं सोडायचं, बाजूला व्हायचं. पण मैदानाच्या तोंडाशीच भडंगनं चंद्रीला पाहिलं आणि पिशवीतून "भ्यँव!" केलं.

चंद्रीनं मान वर केली. हंबरली. आणि निघाली! मोरपिसं उडताहेत, घुंगरं वाजताहेत, आणि एवढी मोठी काळीभोर म्हैस रंगवलेली शिंगं रोखून थेट माझ्याकडं! मी काय केलं? मी गाडी वळवली आणि पळालो! पुढं मी, हँडलला साबणाचा फेस उडवणारं भडंग, मागं चंद्री, तिच्यामागं भुंकणारी सुभेदार आणि काशी, आणि सगळ्यांत मागं बुलेटवर मामा, "चंद्रे, ये! चंद्रे, ये!" म्हणून ओरडत!

"वाचवा!" मी ओरडलो.

"नादखुळा!" पब्लिक ओरडलं.

मैदानाला पुरा फेरा मारून मी स्टेजपुढं पोचलो. पुढं वाट नव्हती. ब्रेक दाबला, डोळे मिटले. मागं घुंगरं थांबली. मग एक खरखरीत, ओली जीभ पिशवीवरून फिरली, भडंगवरून फिरली आणि तशीच माझ्या तोंडावरून हनुवटीपासून कपाळापर्यंत गेली. माझा चष्मा घेऊनच ती वर गेली.

टाळ्यांनी मैदान दणाणलं. दगडू तेवढा हुज्जत घालायला पुढं आला, "ही हाकंला कुठं आली? त्या एम-एटीच्या मागं पळाली!"

"मी हाक मारत हुतो का न्हवतो?" मामा गरजले. "ती पळत हुती का न्हवती? मग? जा, न्हाव्याला घिऊन तुझीच दाढी कर!"

लोकांनी मामांना खांद्यावर घेतलं. चंद्रीच्या शिंगांना भगवा फेटा बांधला. दुसरा फेटा मामांनी स्वतःच्या हातानं भडंगला बांधला. त्यात ते कानापर्यंत बुडालं. मामांनी त्याला उचलून छातीशी धरलं आणि ते म्हणाले, "माझी मिशी ह्येनं राखली." सुभेदार आणि काशी त्यांच्या पायाशी ताठ उभी होती. आमच्या तीन गावठी कुत्र्यांना अख्खं मैदान टाळ्या वाजवत होतं. खरंच सांगतो, माझा ऊर भरून आला. आपल्या पोरानं कुस्ती मारली तर बापाला याहून वेगळं काय वाटत असेल?

माइकवाल्यानं मग माझ्याकडं बोट केलं. "आणि हे पावणं कोण?"

मी पुढं झालो, केस नीट केले, चाटलेला चष्मा पुसला. भाषण तयार होतं.

"त्यो व्हय?" मामा प्रेमानं म्हणाले. "त्यो भडंगचा डायवर!"

घरी येईपर्यंत मागनं सारी पेठ आली. आता मात्र दाखवायचंच, म्हणून मी दारात गाडी लावली, सगळ्यांकडं वळलो आणि बोट वर केलं.

"बस!"

सुभेदार उठून पलंगाखाली गेला. काशी माझ्याकडं पाठ करून चालायला लागली. भडंग फेटा ओढत कुंपणातून चंद्रीकडं पसार झालं. तेवढ्यात आधीच आत गेलेल्या सुमनचा आवाज आला, "पुरं झालं आता, बसा जेवायला!"

मी मुकाट्यानं आत जाऊन बसलो.

बाहेरून मामांचा आवाज आला, "बगा, वैनीनं एकाला तरी शिकवलंय!"