इंदुताईंचे जरीकण

इंदुताई आणि हर्षदा यांची पहिली भेट झाली त्या दिवशी हैदराबादच्या गौलीगुड्यातली वाहतूक अर्धा तास ठप्प झाली, स्टँडातून निघालेल्या दोन बसगाड्या घाबरून परत आत गेल्या आणि चारमिनारचा एक मिनार किंचित कलला, असं हर्षदा सांगते. वाहतुकीचं हिम्मतरावांनाही मान्य आहे. मिनाराबद्दल ते मत देत नाहीत, कारण ते इंदुताईंचे यजमान आहेत आणि त्यांना घरी जायचं असतं.

घटना घडली बबलूशेठच्या किराणा दुकानात. बबलूशेठ पंचावन्न वर्षांचे असूनही बबलूच राहिले होते. त्यांच्या गल्ल्याशेजारी नमुन्याच्या तांदळाचं एक ताट असे, मोगऱ्याच्या कळ्यांसारखा तांदूळ, औषधाला खडा नाही. पोत्यातला तांदूळ मात्र निराळा. महिनाभरात त्यातून निघालेले खडे इंदुताईंनी पुडीत बांधून आणले होते. गोवळकोंड्याच्या तटाची डागडुजी होईल एवढे ते होते आणि त्या वजनाचा तांदूळ त्यांना बदली हवा होता.

"हमना क्या करना, अम्मा," बबलूशेठ गयावया करत होते, "गोदावरी के कंकर हैं, चावल के साथ बहके आते."

पाठीला दोन पोती भरतील एवढी सॅक लावलेली एक किडकिडीत मुलगी मागे उभी होती. लातूरहून आली होती, खोली शोधत होती. तिनं न विचारताच पुडीतला एक खडा उचलला आणि उजेडात धरला.

"काकू, हे नदीतून आलेले नाहीत. नदीतला खडा घासून घासून गुळगुळीत होतो. याचे कोपरे बघा, अजून बोचतात. आणि हा गुलाबी तुकडा तर इथल्याच खडकाचा. गोदावरी सोडा, यानं मूसीसुद्धा ओलांडलेली नाही."

बबलूशेठनी निमूटपणे तांदूळ मोजला. इंदुताईंनी तिथल्या तिथे भाड्यानं द्यायच्या आपल्या खोलीची किल्ली कमरेची काढून मुलीच्या हातात ठेवली. त्या खोलीसाठी आजवर अकरा जण नापास झाले होते.

इंदुताई मूळच्या नांदेडकडच्या, शेतकऱ्याघरच्या. चाळीस वर्षं हैदराबादेत काढल्यावर त्यांच्या मराठीत 'हौ' आणि 'नक्को' कायमचे मुक्कामाला आले होते. शिक्षण सातवी, नजर मात्र अशी की लग्नाच्या पंगतीत समोरच्या माणसाच्या पानातला खडा त्यांना आपल्या पाटावरून दिसे, आणि त्या तो सांगतही. निवडलेला खडा त्यांनी कधी फेकला नाही. ज्यानं दिला त्याला परत जायला हवा, हा त्यांचा कायदा होता.

हर्षदा शिकत होती ते शास्त्रही साधारण याच जातीचं निघालं. समुद्राच्या तळाचा एक थर दुसऱ्याखाली बुडतो, तिथं वर ज्वालामुखींची रांग उठते, आणि धनुष्यासारखी वाकलेली बेटांची माळ तयार होते. ती माळ कधी जन्मली हे कळायला हर्षदानं अंदमानच्या एका कड्यावरून वाळूचा दगड आणला होता. त्या दगडातले कण शेजारच्या ज्वालामुखींचे असतील, तर माळ तेव्हा तिथे होती. दूरच्या भूखंडावरून नद्यांनी वाहून आणलेले असतील, तर माळेचा पत्ता नाही. दगड कुटून, धुऊन, गाळून शेवटी चिमूटभर भुकटी उरली. तिच्यातले झिरकॉन नावाचे कण वेचून यंत्रावर ठेवले की यंत्र त्यांचं वय सांगणार होतं. यंत्र दुसऱ्या संस्थेतलं, तारीख आठ महिन्यांनी मिळालेली, अठरा एप्रिल. ती हुकली की प्रबंध वर्षभर लांबणार.

दहा एप्रिलला हर्षदाचे डोळे आले.

काळा चष्मा लावून ती जिन्यात बसून रडत होती. डोळे आलेल्या माणसानं रडणं म्हणजे काम वाढवणं, असं हिम्मतराव म्हणाले. इंदुताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, निवडायचंच आहे ना? मग त्यात पीएच.डी. कसली?

दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शक रिक्षातून घरी आला. माधवसरांना, म्हणजे हर्षदाच्या मार्गदर्शकांना, यातलं काही सांगितलं नव्हतं. हर्षदानं कण कसे ओळखायचे ते सांगून निवडा म्हटलं, आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर इंदुताई सुई घेऊन बसल्या. झिरकॉन त्यांच्या तोंडी पहिल्या तासात 'जरीकण' झाला आणि पुढे तोच राहिला. भुकटी उडू नये म्हणून भर एप्रिलात पंखा बंद. हिम्मतरावांना शिंक आली तर गच्चीवर जायचा हुकूम होता. एकदा ते वेळेत पोचले नाहीत, आणि इंदुताई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. आठवड्यात या एवढ्याच सुट्टीचा हिम्मतरावांना लाभ झाला.

सतरा तारखेला एकशेदहा जरीकण तयार होते. हर्षदानं सुजल्या डोळ्यांनी ते यंत्राकडे नेले. निकाल आला आणि माधवसर खुर्चीतून उठले, जे त्यांनी कुलगुरूंसाठीही केलं नव्हतं. सगळेच्या सगळे कण पाच कोटी वर्षांच्या आसपासचे. सगळे ज्वालामुखीचे. बेटांची माळ त्या काळी तिथे होती, यात शंकाच नको. सरांनी परिषदेसाठी टिपण धाडलंसुद्धा.

हर्षदा पेढे घेऊन घरी आली. इंदुताईंनी पेढा खाल्ला, फळीवरची कुंकवाची जुनी डबी काढली आणि तिच्यापुढे ठेवली.

"हे घे तुझे खडे. ज्यानं दिले त्याला परत करून टाक."

डबीत चिमूटभर कण होते. डोळे आता बरे होते. हर्षदानं ते सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि तिच्या तोंडातला पेढा तोंडातच राहिला. तेही झिरकॉनच होते. गोल, मळकट, घासून गुळगुळीत झालेले. संख्येनं यंत्रावर गेलेल्यांइतकेच, कदाचित जास्तच.

"काकू, हे का काढले?"

"तूच म्हणालीस की निवडा. टोकं असलेले, चकचकीत ते तिथले, हे मला बबलूच्या दुकानात तूच शिकवलंस. तुला तिथलेच हवे होते ना? रोज तेच म्हणायचीस. हे गोल बाहेरगावचे, म्हणून निवडून टाकले."

मी निवडा नव्हे, सगळे वेचा म्हणायला हवं होतं, असं हर्षदाला वाटलं. डबी बंद केली की संपलं, हेही वाटलं. कुंकवाची एक डबी, मोरी चार पावलांवर, आणि पदवी हातात. ती बराच वेळ झाकण फिरवत राहिली. शेवटी इंदुताईंनीच काय झालं म्हणून खोदून विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं की त्यातले चांगले तेवढेच पुढे केले, तर ते दगडाचं खरं रूप नव्हे.

इंदुताईंनी डबीत डोकावून पाहिलं.

"म्हणजे मी बबलूचं ताट मांडलं," त्या हळूच म्हणाल्या.

मग त्या उठल्या, पदर खोचला, चपला घातल्या. हर्षदा नको नको म्हणत असताना त्यांनी डबी मुठीत धरली आणि रिक्षा थांबवली. माधवसरांच्या खोलीत त्यांनी डबी टेबलावर ठेवली आणि पोरीचं काही चुकलेलं नाही, निवडणारीनं घोळ घातला, असं सांगितलं. सरांनी आधी इंदुताईंकडे, मग डबीकडे पाहिलं. निवडणारी कोण हे त्यांना तेव्हाच पहिल्यांदा कळलं. ते पुन्हा खुर्चीत बसले. टिपण मागे घेतलं गेलं. हर्षदाला दोन तास बोलणी बसली, ती इंदुताईंनी बाहेर बाकावर बसून ऐकली आणि परतताना रिक्षात, तो माणूस आवाजानं मोठा पण मनानं बरा आहे, असा निर्वाळा दिला.

यंत्राची पुढची तारीख चौदा महिन्यांनी मिळाली. डबीतले कण दोनशे कोटी वर्षांपर्यंत जुने निघाले. दोन्ही ढीग एकत्र मोजल्यावर प्रबंधाचा निष्कर्ष 'उगम संमिश्र', म्हणजे काही कण शेजारच्या ज्वालामुखींचे, काही दूरच्या नद्यांचे, असा आला, आणि परीक्षकांनी तो शेरा न मारता मंजूर केला. इंदुताई आता बंद पिशवीतला तांदूळ आणतात. त्यात खडे नसतात.